केंस खरे कीं खोटे?

कांहीं प्रश्न विचारणाऱ्याला अगदीं निरुपद्रवी वाटतात. कारण तो ते आयुष्यांत एकदांच विचारतो. ज्याला ते विचारले जातात त्याला मात्र ते दिवसांतून चार वेळां ऐकावे लागतात. आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांना जगांत जवळजवळ सर्वत्र विचारला जाणारा "हे केंस तुमचे स्वतःचेच आहेत का?" हा प्रश्न ह्याच जातीचा आहे. लंडन किंवा न्यूयॉर्क येथील कचेरींत शेजारच्या मेजावरचा सहकारी तो विचारतो. आगगाडींत अनोळखी प्रवासी विचारतो. आणि पुष्कळदां उत्तराची वाट न पाहतां हात पुढें करून वेणी चाचपूनहि पाहतो. छत्रपती संभाजीनगर शहरांत आफ्रिकेंतील देशांमधून विद्यार्थी शिक्षणासाठीं येत आले आहेत. त्यांतील एखादी तरुणी गुलमंडीच्या बाजारांत उतरली, तर तिच्याकडे वळणाऱ्या नजरांतहि हाच प्रश्न असतो. फरक इतकाच कीं, कोणी तो तोंडानें विचारतो आणि कोणी नुसत्या डोळ्यांनीं.

विचारणारा दुष्ट असतो असें नाहीं. कुतूहल हें ज्ञानाचें मूळ आहे असें शाळेंत शिकविलें जातें, आणि तें खरेंहि आहे. परंतु कुतूहलालाहि वंशावळ असते. हा प्रश्न पूर्वीं कोण विचारीत असे, कोठें विचारीत असे आणि कशासाठीं, हें पाहूं गेल्यास इतिहास आपणांस एका बाजारांत नेऊन उभें करतो. आणि त्या बाजारांतून निघालेली वाट थेट ह्याच शहराच्या वेशीपर्यंत येते. कारण हें शहर ज्यानें वसविलें तो मलिक अंबर स्वतः तसल्या बाजारांत विकला गेलेला हबशी होता.

प्रथम केंसांविषयींच दोन शब्द सांगितलेले बरे. कारण जें माहीत असतें तें विचारावें लागत नाहीं. माणसाचा केंस त्वचेंतील ज्या सूक्ष्म पिशवींतून उगवतो, तिच्या आकारावर त्याचें वळण ठरतें. पिशवी सरळ असली तर केंस सरळ येतो. ती वांकडी असली तर केंस वळसे घेत बाहेर पडतो. आफ्रिकी केंसाचा आडवा छेद वाटोळा नसून चपटा, लंबवर्तुळाकार असतो आणि त्याचे वळसे घट्ट असतात. त्यामुळें डोक्याच्या कातडींतून पाझरणारें नैसर्गिक तेल सरळ केंसाच्या टोकापर्यंत जसें उतरतें, तसें ह्या वळशांवरून उतरत नाहीं. केंस कोरडा राहतो आणि विंचरतांना तुटतो. पाहणाऱ्याला वाटतें कीं, तो वाढतच नाहीं. वस्तुतः तो वाढतो. पण घड्याळाच्या कमानीप्रमाणें आपल्याच वळशांत आंखडून बसतो. ओढून धरला तर त्याची लांबी दिसते त्याहून कितीतरी अधिक भरते, आणि सोडला कीं तो पुन्हां आंखडतो.

ह्या केंसांची निगा कशी राखावी, हें शास्त्र आफ्रिकेंतील स्त्रियांनीं पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवानें सिद्ध केलें आहे. टाळूलगत नांगराच्या तासाप्रमाणें ओळी पाडून घातलेल्या वेण्या, शेंकडों बारीक पेडांच्या मोकळ्या वेण्या, केंसांभोवतीं गुंडाळलेलें सूत, आणि सर्वांवर बांधलेलें रंगीत वस्त्र, हे त्या शास्त्राचे प्रकार होत. वेणींत गुंफलेला केंस रोजच्या फणीपासून वांचतो. त्यांत दुसरे केंस किंवा कृत्रिम धागा मिसळला म्हणजे वेणीला बळकटी येते आणि लांबीहि येते. एक डोकें गुंफावयास चार-सहा तास सहज लागतात. मग तें काम कित्येक आठवडे टिकतें. शुक्रवारीं जिचे केंस बोटभर दिसत होते तीच बाई सोमवारीं कमरेपर्यंत वेण्या सोडून कचेरींत येते, याचें रहस्य एवढेंच. शुक्रवारचे केंस खरे होते आणि सोमवारचेहि खोटे नव्हेत. ते सजविलेले आहेत.

मराठी घराला हें मुळींच नवीन नाहीं. पातळ वेणी भरदार दिसावी म्हणून तींत गंगावन गुंफण्याची चाल आपल्याकडे जुनीच आहे. मंगलकार्यांत अमकीच्या अंबाड्यांत गंगावन आहे, हें शेजारणीच्या नजरेंतून सुटत नाहीं. परंतु म्हणून कोणी शहाणी बाई चारचौघांत तो अंबाडा ओढून पाहत नाहीं, किंवा "हे तुमचेच का?" असें विचारीत नाहीं. विचारलें तर तो जन्माचा अबोला होईल. घरच्या स्त्रियांच्या बाबतींत हा संकोच आपण न शिकवितां पाळतों. मग परक्या मुलखांतून आलेल्या स्त्रीच्या बाबतींत तो कां सुटतो?

ह्या प्रश्नाचा उलगडा करण्यास अकराव्या शतकांतील बगदादकडे जावें लागतें. इब्न बुतलान नांवाचा एक विद्वान ख्रिस्ती वैद्य तेथें होऊन गेला. त्याच्या लेखनांत गुलाम खरेदी करणाऱ्यांच्या उपयोगासाठीं लिहिलेला एक लहानसा ग्रंथ आहे. घोडा घेतांना त्याचे दांत आणि खूर कसे पाहावे हें जाणत्यानें सांगावें, त्या थाटांत हा वैद्य माणूस कसा पारखावा तें सांगतो. व्यापारी लबाड असतात, ते मालाचे दोष झांकतात, म्हणून गिऱ्हाइकानें सावध असावें, हा त्याचा उपदेश. थोड्याशा मेंदीनें मुलीची किंमत किती चढविली जाते, केंसांचा रंग कसा बदलला जातो, सरळ केंस कुरळे कसे केले जातात, हें तो बारकाईनें नमूद करतो. त्याच यादींत आंखूड केंसांच्या टोकांना त्याच रंगाचे दुसरे केंस बांधून ते लांब दाखविण्याची युक्तिहि आहे.

म्हणजे "केंस खरे कीं खोटे?" हा प्रश्न येथें आपणांस भेटतो तो गिऱ्हाइकाचा प्रश्न म्हणून. फसगत होऊं नये, दिलेल्या पैशाचा पुरता मोबदला मिळावा, यासाठीं तो विचारला जाई. आणि त्याची एक खूण ध्यानांत घेण्याजोगी आहे. जिच्या केंसांविषयीं तो असे तिला तो विचारलाच जात नसे. उत्तर द्यावयाचें तें विक्रेत्यानें, आणि त्याचा विश्वास नसेल तर गिऱ्हाइकाच्या हातानें. स्पर्शाला परवानगी लागते ती माणसाच्या. मालाच्या स्पर्शाला परवानगी लागत नाहीं.

इब्न बुतलानानंतर सुमारें पांच शतकांनीं ह्याच बगदादेंत हबसाणांतील एक मुलगा विकावयास आला. इ. स. १५४८ च्या सुमारास जन्मलेल्या ह्या मुलाचें मूळचें नांव डच व्यापाऱ्यांच्या कागदांत 'चापू' असें आलें आहे. तांबड्या समुद्रावरील मोखा बंदरांत त्याचा एक सौदा झाला. पुढें बगदादेंत मीर कासिम नांवाच्या व्यापाऱ्यानें त्याला घेतलें, शिकविलें आणि 'अंबर' हें नांव दिलें. अंबर म्हणजे एक मोलाचें सुगंधी द्रव्य. बाजारांत माणसाला मालाचें नांव मिळावें, यांत नवल तें काय! तेथून तो दख्खनेंत आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान यानें त्याला विकत घेतला. हा चंगीझखान स्वतः हबशी होता आणि तोहि एके काळीं गुलामच होता. त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या विधवेनें अंबराला मुक्त केलें.

दख्खनेंतील गुलामगिरी आणि अमेरिकेंतील मळ्यांवरची गुलामगिरी ह्या एकच गोष्टी नव्हेत. येथें हबशी आणला जाई तो मुख्यतः हातांत तरवार देण्यासाठीं. धनी मेला कीं तो पुष्कळदां मोकळा होई, स्वतःचें पथक जमवी, जहागीर मिळवी. १६०० मध्यें अहमदनगर मोगलांच्या हातीं पडलें, तेव्हां ह्याच मोकळ्या झालेल्या अंबरानें निजामशाही घराण्यांतील एका तरुणाला दुसरा मुर्तझा म्हणून गादीवर बसविलें आणि सुमारें पंचवीस वर्षें अकबर व जहांगीर ह्या दोन बादशहांच्या फौजांना दख्खनेंत थोपवून धरलें. त्याच्या लष्करांत मराठे सरदार होते. १६२४ च्या भातवडीच्या लढाईंत शहाजीराजे त्याच्या बाजूनें लढले. १६१० मध्यें त्यानें खडकी ह्या खेड्याच्या जागीं नवें शहर वसविलें, भडकल दरवाजा उभारला, आणि डोंगरांतील पाणी भूमिगत नहरीनें शहरांत खेळविलें. खडकीचें त्याच्या मुलानें फतेहनगर केलें, औरंगजेबानें औरंगाबाद केलें, आणि २०२३ पासून तें छत्रपती संभाजीनगर आहे. नांवें बदललीं, भडकल दरवाजा अजून उभा आहे.

असा पराक्रमी पुरुष! तरी त्याला भेटावयास आलेल्यांच्या लेखणींतून प्रथम काय उतरलें, तें पाहण्यासारखें आहे. १६१७ मध्यें पीटर व्हॅन डेन ब्रूक हा डच व्यापारी अंबराच्या छावणींत येऊन गेला. त्यानें अंबराच्या न्यायाची आणि बंदोबस्ताची प्रशंसा केली. परंतु त्याआधीं त्याचा काळा वर्ण, त्याचा करडा चेहरा, त्याची उंची आणि त्याला न शोभणारे पांढरे, कांचेसारखे डोळे यांचें वर्णन करण्याचा मोह त्याला आवरला नाहीं. जहांगीर बादशहानें तर ह्याच सुमारास आपला चित्रकार अबुल हसन याच्याकडून एक चित्र काढविलें. त्यांत बैलावर पृथ्वीचा गोल आहे, गोलावर बादशहा उभा आहे, आणि भाल्याच्या टोकावर खोंचलेल्या मलिक अंबराच्या तुटलेल्या मस्तकावर तो बाण सोडीत आहे. हें चित्र आज डब्लिन येथील चेस्टर बीटी संग्रहालयांत आहे. खरा अंबर त्या वेळीं खडकींत धडधाकट होता, आणि पुढें १६२६ मध्यें सुमारें ऐंशीव्या वर्षीं आपल्या मृत्यूनें वारला. रणांत जें मस्तक हातीं लागलें नाहीं, तें कागदावर तोडून पाहण्याची हौस बादशहानें भागवून घेतली. मात्र त्याच बादशहाचा इतिहासकार मुतमदखान यानें अंबराच्या मृत्यूची नोंद करतांना, युद्धांत, सेनापतित्वांत आणि कारभारांत त्याच्या तोडीचा दुसरा नव्हता, अशी ग्वाही मोकळ्या मनानें दिली.

पुरुषाला निदान तरवारीनें उत्तर देतां आलें. स्त्रियांचें काय झालें? अंबरानें आपली मुलगी सुलतान मुर्तझाला दिली होती. सुलतानाची वडील राणी इराणी, गौरवर्णी होती. व्हॅन डेन ब्रूकच्या वृत्तांतांत असें आहे कीं, १६१० मध्यें ह्या दोघींचें भांडण झालें. तेव्हां वडील राणीनें धाकटीला, तूं तर नुसती काफर गुलाम, राजाची ठेवलेली बाई, आणि तुझा बाप बंडखोर, अशा अर्थाचे शब्द ऐकविले. मुलीनें तें बापाला कळविलें. त्याच वृत्तांताप्रमाणें अंबरानें आपल्या कारभाऱ्याच्या हातून विषप्रयोग करवून सुलतान आणि ती राणी या दोघांचाहि शेवट केला आणि सुलतानाच्या अल्पवयी मुलाला गादीवर बसविलें.

ह्या कृत्याचें समर्थन कोणी करणार नाहीं. परंतु त्या भांडणांतली एक गोष्ट विसरतां येत नाहीं. ती मुलगी बाजारांत विकली गेलेली नव्हती. ती सुलतानाची विवाहित राणी होती आणि राज्याची सारी फौज तिच्या बापाच्या शब्दांत होती. दख्खनेंत आफ्रिकी रक्ताच्या स्त्रीला याहून उंच जागा मिळणें शक्य नव्हतें. तरीहि दोन सवतींची शब्दाला शब्द लागतांच पहिलें बोट गेलें तें तिच्या रक्ताकडे: तूं खरी राणी नव्हेस, तूं मुळांत विकत घेण्याची वस्तु आहेस. 'खरें कीं खोटें' हा बाजारांतला प्रश्न राजवाड्याच्या पडद्याआड असा जाऊन पोहोंचला होता. बापाच्या मस्तकाचें चित्र जगानें जपून ठेविलें. मुलीची आठवण राहिली ती एका शिवीच्या आधारानें. अंबराची पत्नी बीबी करीमा हीहि हबशीच होती. खुलताबादेंत अंबराच्या कबरीजवळच तिची कबर आहे. वेरूळला जाणारे शेंकडों प्रवासी त्या रस्त्यानें रोज जातात. त्या घुमटाशीं थांबणारे थोडे.

अटलांटिक महासागराच्या पलीकडे ही दृष्टि अधिकच उघडी झाली. १७८६ मध्यें न्यू ऑर्लिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरानें असा हुकूम काढला कीं, आफ्रिकी रक्ताच्या स्त्रियांनीं केंस उघडे ठेवूं नयेत, त्यांवर वस्त्र बांधावें. त्यांची केशभूषा गोऱ्या स्त्रियांच्या डोळ्यांत सलत होती. त्या स्त्रियांनीं हुकूम पाळला. परंतु असें उंची, झगझगीत वस्त्र आणि इतक्या नखऱ्यानें बांधलें कीं, शिक्षेची ती खूण नगरांत शृंगार होऊन बसली. १८१० मध्यें दक्षिण आफ्रिकेंतील सारा बार्टमन ह्या स्त्रीला लंडनमध्यें तिकीट लावून लोकांपुढें उभें केलें गेलें. तिचें शरीर खरें आहे ना, हें लोक बोटानें आणि काठीनें टोंचून पाहत. ती १८१५ मध्यें पॅरिस येथें वारली. तिच्या अस्थि मायदेशीं परत पोहोंचावयास २००२ साल उजाडावें लागलें. त्याच दक्षिण आफ्रिकेंत १९५० च्या कायद्यानें प्रत्येक माणसाचा वंश सरकारदप्तरीं नोंदला जाऊं लागला, तेव्हां संशयित माणसाच्या केंसांत पेन्सिल खोंवून पाहण्याची पद्धत निघाली. पेन्सिल खालीं पडली तर गोरा. अडकून राहिली तर गोरा नव्हे. एका पेन्सिलीच्या पडण्या-न पडण्यावर शाळा, वस्ती आणि विवाह ठरत. तो कायदा १९९१ मध्यें रद्द झाला. तरीहि २०१६ मध्यें प्रिटोरिया येथील एका कन्याशाळेंतील मुलींना, आमचे केंस जसे उगवतात तसे राखूं द्या, एवढ्या मागणीसाठीं निदर्शनें करावीं लागलीं. अमेरिकेंत केंसांच्या जातीवरून किंवा वेण्यांवरून नोकरींत व शाळेंत भेद करूं नये, असा राज्याचा कायदा प्रथम कॅलिफोर्नियानें केला तो २०१९ मध्यें.

ह्या परदेशच्या कथा सांगून आपणांस हात झटकतां येत नाहींत. स्त्रीच्या केंसांवर तिच्याखेरीज सर्वांची सत्ता, हा प्रकार महाराष्ट्रानें आपल्या माजघरांत पाहिला आहे. नवरा वारला कीं उच्चवर्णीय घरांतील विधवेचें केशवपन होई. ती वयानें बारा वर्षांची आहे कीं बासष्ट, हें कोणी पाहत नसे. तिला काय वाटतें, हें तर कोणी विचारीतच नसे. सासरा, उपाध्याय आणि शेजारी मिळून ठरवीत. १८९० मध्यें मुंबईंत सत्यशोधक पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें न्हाव्यांची सभा भरली, आणि ह्यापुढें विधवांच्या केंसांना वस्तरा लावणार नाहीं, असा निश्चय त्या श्रमजीवी लोकांनीं केला. लोखंड्यांचे गुरु जोतीराव फुले यांनीं १८७३ मध्यें 'गुलामगिरी' हें पुस्तक लिहिलें, तें अमेरिकेंतील ज्या लोकांनीं हबशी गुलामांच्या मुक्ततेसाठीं त्याग केला त्यांना अर्पण केलें. पुण्याच्या एका शिक्षकाला दीडशें वर्षांपूर्वीं समुद्रापलीकडचें दुःख आपल्या घरांतल्या दुःखाचें सख्खें भावंड दिसलें.

संभाजीनगरच्या विद्यापीठाला ज्यांचें नांव आहे त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनाहि तें दिसलें होतें. १९४६ मध्यें त्यांनीं अमेरिकेंतील कृष्णवर्णी विद्वान डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून, भारतांतील अस्पृश्य आणि अमेरिकेंतील निग्रो यांच्या स्थितींत किती साम्य आहे, हें कळविलें. वरवर पाहतां येथें एक विसंगति वाटते. आपल्याकडे एका माणसाचा स्पर्श दुसऱ्यानें नाकारला. तिकडे एका माणसाच्या केंसांना दुसरा न विचारतां स्पर्श करतो. एक जण हात मागें घेतो, दुसरा हात पुढें करतो. परंतु मूळ एकच आहे. स्पर्श व्हावा कीं न व्हावा, याचा निर्णय दोन्ही ठिकाणीं एकटा बघणारा करतो. ज्याचें शरीर आहे त्याचें मत दोन्ही ठिकाणीं गृहीतच धरलेलें नाहीं.

ह्या विषयांतील एक गंमत सांगितल्यावांचून पुढें जाणें योग्य होणार नाहीं. तिरुमलाच्या डोंगरावर लक्षावधि यात्रेकरू नवस फेडण्यासाठीं केंस अर्पण करतात. त्यांत महाराष्ट्रांतील बायकाहि असतात. देवस्थान त्या केंसांचा लिलाव करतें. ते धुऊन, विंचरून, लांबीप्रमाणें निवडून परदेशीं जातात, आणि त्यांपासून तयार झालेले टोप व जोडकेंस अमेरिकेंत आणि आफ्रिकेंत आफ्रिकी वंशाच्या स्त्रिया विकत घेतात. २००९ मध्यें निघालेल्या 'गुड हेअर' ह्या अमेरिकन बोलपटांत हा सारा प्रवास दाखविलेला आहे. तेव्हां एखाद्या आफ्रिकी तरुणीला आपल्यापैकीं कोणी "हे केंस खरे का?" असें विचारलेंच, तर ती खुशाल म्हणूं शकेल कीं, "होय, अगदीं खरे. तुमच्याच आत्याबाईंचे असण्याचाहि संभव आहे!"

आणि सर्वच आफ्रिकी चेहरे परदेशांतून आलेले नसतात. उत्तर कन्नड जिल्ह्यांत, यल्लापूर व हल्याळच्या रानांत, आणि बेळगांव जिल्ह्याच्या खानापूर भागांत सिद्दी लोक शतकानुशतकें राहत आले आहेत. पोर्तुगीजांनीं गोव्यांत आणलेल्या गुलामांपैकीं जे निसटून घाटावरच्या जंगलांत शिरले, त्यांचे वंशज ह्या लोकांत आहेत. त्यांच्यांत हिंदु आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्तीहि आहेत. त्यांची बोली कोंकणी-मराठीच्या कुळांतली. जुन्या कापडाचे तुकडे जोडून त्यांच्या बायका 'कवंदी' नांवाच्या ज्या गोधड्या शिवतात, त्या कोणत्याहि मराठी आजीला आपल्या वाकळेच्या बहिणी वाटतील. २००३ मध्यें कर्नाटकांतील सिद्दींना अनुसूचित जमातींत स्थान मिळालें. २०२० मध्यें शांताराम सिद्दी हे कर्नाटकाच्या विधानपरिषदेवर नियुक्त झाले. तरीहि ह्या लोकांतील मुलगी शहरांत गेली कीं, "तूं कोणत्या देशाची?" हा प्रश्न तिच्यापुढें येतो, आणि पाठोपाठ तो केंसांचा. चारशें वर्षांच्या वास्तव्यानेंहि जें नागरिकत्व लोकांच्या नजरेंत सिद्ध होत नाहीं, तें सिद्ध करावयास तिनें आणखी किती पिढ्या थांबावें?

याचा अर्थ असा नव्हे कीं, वेगळें दिसणाऱ्या माणसाकडे पाहूंच नये किंवा त्याच्याशीं बोलूंच नये. तोंड फिरविणें हीहि एक अवहेलनाच आहे. प्रश्न आहे तो क्रमाचा. सभ्य घरांत पाहुणीला प्रथम बसावयास सांगतात, पाणी देतात, नांव विचारतात, कोणत्या विषयाचा अभ्यास चालला आहे तें विचारतात. ओळख वाढली, चार वेळां जाणें-येणें झालें, म्हणजे तेलाच्या, फणीच्या आणि वेण्यांच्या गोष्टी बायका आपोआप काढतात. तेव्हां केंसांविषयीं विचारण्यांत वांकडें कांहीं नसतें, कारण तेव्हां उत्तर देणारी आपली मैत्रीण असते. वेणी सुंदर दिसली तर सुंदर आहे एवढेंच म्हणावें. ती कोणाच्या केंसांची, ह्या चौकशीवांचून स्तुति अपुरी राहत नाहीं. आणि घरांतल्या लहान मुलांनीं कुतूहलानें हात पुढें केलाच, तर आईनें तो हळूच मागें घ्यावा. तेवढा धडा पुरेसा आहे.

ज्याच्या हुकमानें ह्या शहराची पहिली वीट बसली, त्याला लहानपणीं दोन-तीन बाजारांत उभें करून अनोळखी हातांनीं पारखलें होतें. त्याच्या नगरांत तरी त्याच्या मायभूमीकडून आलेल्या मुलीला पारखणाऱ्या हातांची धास्ती वाटूं नये. एखाद्याला अभय द्यावयाचें असलें म्हणजे मराठी माणूस म्हणतो कीं, तुझ्या केंसालाहि धक्का लागूं देणार नाहीं. ही म्हण आपल्या भाषेंत कधींची आहे. आतां ती अक्षरशः पाळावयाची आहे, एवढेंच.